तळ पाहिल्याशिवाय नाव नाही

आम्ही भाजी पिकवणारे, पण आमच्या ताटात यायची ती बाजारात नापास झालेली भाजी. किडकं वांगं, फुटका टमाटा, पिवळी पडलेली मेथी. चांगल्या चकचकीत वांग्याची भाजी मी पहिल्यांदा खाल्ली ती लग्नानंतर, आणि तीही विकत आणून. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या.

चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यात आमचं घर होतं. वावर, म्हणजे शेत, दुसऱ्याचं, मक्त्यानं केलेलं. विहीरही त्याचीच, त्याचं ओलीत झालं की उरलेलं पाणी आम्हाला. बाबांना सही येत नव्हती, आईलाही येत नव्हती. घरात छापील कागद म्हणाल तर खताच्या दुकानानं दिलेलं कॅलेंडर. उन्हाळ्यात विहीर खाली गेली की बाबा दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत मजुरीला जात आणि आई असेल तेवढी वांगी घेऊन अमरावतीला. टोपलं एसटीच्या टपावर, आई आत उभी, आणि शाळेला सुटी असली की तिचा पदर धरून मी.

अमरावतीच्या भाजीबाजारात सकाळी हर्रास होई. हर्रास म्हणजे लिलाव. बोलणारा माणूस मालाशेजारी उभा राहतो, भोवती व्यापारी, आणि तो एका दमात भाव चढवत नेतो. आमच्या बाजूचा हर्रास वासुभाऊ बोलायचे. उंच, सावळे, खांद्यावर दुपट्टा, गालात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण. आवाज असा की बाजाराच्या या टोकाला त्यांनी "बोला!" म्हटलं की त्या टोकाच्या बंडीचा बैल मान वळवायचा. त्यांची एक रीत होती. बोली सुरू करण्याआधी ते टोपल्यात कोपरापर्यंत हात घालायचे आणि तळाचा माल वर काढून दाखवायचे. कारण उघड आहे. शेतकरी म्हणजे सगळे देवमाणूस नसतात. वर लुसलुशीत आणि खाली सडकं, ही कला आमच्याकडे पिढीजात आहे. वासुभाऊंचं एकच म्हणणं, "तळ पाह्यल्याबिगर बोली नाई."

एकदा आमची बस रस्त्यात बंद पडली. टोपलं भर उन्हात टपावर. बाजारात पोहोचलो तेव्हा वरचा थर पार काळवंडून, सुरकुतून गेलेला. एका व्यापाऱ्यानं पाहिलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्यानं जवळ येण्याचीही तसदी घेतली नाही. आईनं पदर तोंडाशी धरला. ती रडत नव्हती, पण टोपलं परत न्यायला बसचं भाडं कुठून आणायचं हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

वासुभाऊ आले. हात आत घातला, थांबले आणि आख्खं टोपलं त्यांनी पोत्यावर पालथं केलं. खालची वांगी जांभळी, तेल लावल्यासारखी.

"कावून पळता बे? वरच्याले उनानं मारलं, त्याच्यात मालाचा काय दोष? तळ पाहा, तळ! बोला!"

टोपलं रिकामं झालं. येताना बसमध्ये आई म्हणाली, "त्या मान्साच्या तोंडात साखर पडो वं माय."

हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे लागणार आहे.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे मी लाजत नाही, जरा मोठ्यानंच सांगते. त्यानंतर लॅबचा कोर्स केला. लग्न होऊन अकोल्याला आले. सासर जुन्या शहरात, नोकरी जठारपेठेतल्या एका लॅबमध्ये. मोर्णा नदीचा पूल मी नोकरीभर रोज दोनदा ओलांडला. गेल्या वर्षी निवृत्त झाले.

गावात लोक आईला विचारत, "पोरगी कायचं काम करते?" आई सांगे, "गाठी कापते." समोरचा गप्प होई. मग आई वर जोडी, "मान्साच्या."

तर गाठी कापण्याचं काम काय असतं ते सांगते. लोकांना वाटतं लॅब म्हणजे रक्त-लघवी. आमचा विभाग निराळा. डॉक्टर ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ किंवा तिचा तुकडा औषधी पाण्यात घालून पाठवतात. त्या पाण्यानं तो सडत नाही. मग त्यातलं पाणी हळूहळू काढायचं, त्या जागी मेण भरायचं आणि मेणाची वडी करायची. मांस नुसतं कापलं तर ते सुरीखाली पळतं. मेणातलं पळत नाही. ती वडी यंत्राच्या पात्यावर धरून चकत्या काढायच्या, कांद्याच्या पापुद्र्यापेक्षाही पातळ. चकती कोमट पाण्यावर सोडली की ती सायीसारखी पसरते. ती काचेवर अलगद उचलायची, जांभळ्या-गुलाबी रंगात बुडवायची आणि डॉक्टरांसमोर ठेवायची. दुर्बिणीखाली काय आहे ते डॉक्टर सांगणार. पण चकती सुरकुतली, फाटली किंवा तुकडा मेणात आडवा-उभा चुकला, तर जगातला मोठ्यातला मोठा डॉक्टरही काय पाहणार? निदान डॉक्टरचं, काच आमची.

गाठी आणणारे नातेवाईक हा एक वेगळाच अध्याय. औषधी पाण्याचा वास येतो म्हणून एका बाप्यानं गाठ धुऊन, स्वच्छ करून, गुलाबपाण्यात घालून आणली होती. दुसरा एक जण बसमध्ये शेजारच्या बाईला म्हणाला, "मावशी, एवढी बाटली धरजा, मी पानी पिऊन येतो," आणि त्याची बस सुटली. मावशी बिचारी अकोल्यापर्यंत गाठ मांडीवर घेऊन आली आणि चिठ्ठीवरचा पत्ता वाचून आमच्याकडे पोहोचती करून गेली. बाटलीत काय आहे ते तिला सांगितल्यावर तिनं नळावर किती वेळ हात धुतले ते विचारू नका. अकोटच्या एका आजीनं बाटलीला हळदकुंकू लावून आणलं होतं. मॅडमनी ते पुसू दिलं नाही. म्हणाल्या, "राहू द्या, काचेवर तर येत नाही ना."

आता मॅडमविषयी, म्हणजे काचा पाहून निदान करणाऱ्या आमच्या लॅबच्या डॉक्टर. नाव लिहायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद आहे. अमरावतीच्या वकिलाच्या घरातल्या. घरी पुस्तकांची कपाटं, वाद घालायची सवय लहानपणापासून. आम्ही दोघी एकाच जिल्ह्याच्या, पण त्या ज्या घरात वाढल्या त्याच्या मागच्या दारानं माझी आई भाजी देऊन गेली असती. मॅडमनी मला पहिल्या दिवसापासून "अहो" म्हटलं. कधी चुकूनही "ए" नाही.

शहरातले सर्जन त्यांना मागे "थांबा मॅडम" म्हणत. रिपोर्टची घाई केली की त्यांचं एकच उत्तर असे, "थांबा." हे त्यांना माहीत होतं. एकदा एका तरुण डॉक्टरनं फोनवर चुकून तसंच म्हटलं, तर मॅडम म्हणाल्या, "हो, तीच बोलते आहे. आणि तुमचा रिपोर्ट उद्या."

त्यांची पद्धत मी दुसऱ्या कोणाकडे पाहिली नाही. आधी काच, मग कागद, मग पुन्हा काच. म्हणजे रुग्ण कोण, वय काय, व्यसन काय, सर्जनला काय वाटतं, हे वाचण्याआधी त्या दुर्बिणीतून गाठ पाहत. मग कागद वाचत. मग पुन्हा गाठ. मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणाल्या, "कागद आधी वाचला की डोळा त्याचाच साक्षीदार होतो." वकिलाची लेक!

सगळ्यात कठीण गाठी कोणत्या, तर ज्या कॅन्सर नसतात पण हुबेहूब तशा दिसतात. त्या दुर्मिळ. बहुतेक वेळा जे कॅन्सर दिसतं ते कॅन्सरच असतं, हेही स्पष्ट लिहिते, उगाच कोणी हा लेख वाचून घरी गाठ कुरवाळत बसू नये. पण त्या थोड्या गाठींपायी माणसांचे हातपाय जाऊ शकतात.

मूर्तिजापूरकडची एक कॉलेजची मुलगी आठवते. हाताच्या कोपराखाली गाठ, थोड्याच आठवड्यांत लिंबाएवढी झालेली. इतक्या वेगानं वाढते म्हणजे वाईटच, असं सगळ्यांनी धरलेलं. मुलीचे वडील लॅबच्या पायरीवर बसून स्वतःच्या हाताकडे पाहत होते, जणू पोरीच्या बदल्यात तो देता येईल. मॅडमनी काच पाहिली, मला बोलावलं. त्या मला दाखवायच्या, तुम्हाला काय कळणार असं कधी म्हणाल्या नाहीत. दुर्बिणीखाली पेशींची नुसती धावपळ. दर थोड्या अंतरावर एक पेशी दुभंगताना दिसत होती. मी म्हटलं, "मॅडम, हे तर फार भडकलेलं आहे."

"भडकलेलं आहे. पण बिघडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येक पेशीचं तोंड नीट पाहा. घाईत आहेत, पण चेहरे सारखे आहेत. कॅन्सरच्या पेशी एकमेकींना ओळखत नाहीत हो. या बहिणी आहेत. ही गाठ तापट आहे, दुष्ट नाही."

ती गाठ अशीच असते म्हणे. भराभर वाढते, भीती घालते आणि पुष्कळदा आपोआप विरते. मुलीचा हात राहिला. आता ती शिक्षिका आहे, त्याच हातानं फळ्यावर लिहिते.

पण दर वेळी "थांबा"चं फळ गोड निघालं असंही नाही. एका गृहस्थांच्या मांडीच्या गाठीला मॅडमनी थांबा म्हटलं, पुन्हा तुकडा मागवला, आणि तो कॅन्सरच निघाला. उपचार काही दिवस लांबले एवढंच. त्यानं फार फरक पडला नाही असं सर्जन स्वतः म्हणाले. तरी मॅडम त्या माणसाला समोर बसवून म्हणाल्या, "तुम्हाला थांबवलं ते मी. मला खात्री हवी होती. खात्री झाली, पण तुम्हाला हवी होती तशी नाही." तो माणूस वर्षभरानं गेला. त्यानंतर कित्येक दिवस कोणाला थांबा म्हणताना त्यांचा आवाज खाली येई. म्हणत मात्र राहिल्या. मला विचाराल तर त्यांचं मोठेपण तिथं होतं.

आता वासुभाऊ.

माझ्या नोकरीची शेवटची वर्षं होती. दुपारी बाहेरच्या बाकावर गर्दी, आमची काउंटरवरची मुलगी जेवायला गेलेली. मी आत चकत्या काढत होते आणि बाहेरून आवाज आला, जाड, खरखरीत, पण चढत जाणारा:

"चला बोला, बोला, कोनाचा नंबर, कोनाचा नंबर, बोला!"

माझा हात यंत्रावर थांबला. एवढ्या वर्षांनी मी तो आवाज ओळखला, माणूस नाही. बाहेर आले तर म्हातारा, गाल बसलेले, दुपट्टा मात्र तसाच. शेजारी त्यांची बायको, ठेंगणी, हातात पिशवी.

"गप बसा ना," काकू म्हणाल्या. "डॉक्टरनं बोलू नका सांगतलं ना तुमाले?"

"आता नाई बोलू तं कवा बोलू? पुढच्या आठवड्यात जीभच कापून राह्यले. मंग तूच बोल जन्मभर."

"मी काय आतापावतर मुकी होती?"

बाकावरचे लोक हसले. काकू हसल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी एक काच, मेणाची वडी आणि रिपोर्ट काढला. वासुभाऊंच्या जिभेवर एका बाजूला गाठ आली होती. अमरावतीच्या सर्जननी वरचा तुकडा काढून तपासायला दिला आणि दुसऱ्या एका लॅबनं कॅन्सर सांगितलं. अर्धी जीभ काढायची, मानेतल्या गाठीही काढायच्या, असं ठरलं होतं. त्यांच्या मुलीनं हट्ट धरला की कापण्याआधी आणखी एका डॉक्टरला दाखवा. म्हणून अकोला.

"खर्रा घोटून घोटून केलं हे," काकू मला म्हणाल्या. "मी सांगू-सांगू थकली. गाव सारं सांगे. आता कोनाले दोष द्याचा?"

"मले दे, माह्याशिवाय हाय कोन इथं," वासुभाऊ म्हणाले.

मी त्यांना विचारलं, "तुम्ही भाजीबाजारात हर्रास बोलता ना?"

"होव. अजून बोलतो. तू कुठची वं पोरी?"

मी गाव सांगितलं, आई सांगितली, काळवंडलेल्या वांग्यांचं टोपलं सांगितलं. त्यांनी विचार केला आणि मान हलवली.

"नाई आठवत माये. जल्मभर टोपलेच पालथे केले. त्याच्यात तुहं कोन्तं?"

मला वाईट नाही वाटलं. उलट पटलं. आमच्यासाठी केलं नव्हतं त्यांनी, त्यांची रीतच ती होती.

मॅडमनी नेहमीप्रमाणे आधी काच घेतली. मी दारात उभी. त्या दिवशी त्यांनी ती पुन्हा पुन्हा सरकवून पाहिली. मग रिपोर्ट वाचला, खर्रा हा शब्द वाचला, पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला.

"या बघा," म्हणाल्या.

मी पाहिलं. जिभेचं वरचं कातडं खाली मुळ्या सोडत गेलेलं. टोकदार, वेडीवाकडी मुळं. असं मी शेकडो काचांवर पाहिलं होतं, आणि ते बहुतेक कॅन्सर होतं. तसं म्हटलं.

"मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. आता अगदी खालच्या काठावर या. जिथं तुकडा संपतो तिथं."

काठावर थोड्याशा मोठ्या, फिकट पेशी होत्या. आत बारीक दाणे, रवा भरल्यासारखे. मोजून दोन-चार, आणि तिथंच तुकडा संपला होता.

"मुळ्या सोडणारं कातडं आहे," मॅडम म्हणाल्या, "पण त्याला खालून कोणी तरी चेतवतंय असं मला दिसतं. या दाणेदार पेशींची गाठ जिभेत होते. ती साधी असते, नसेच्या आवरणातून उगवते. ती खाली बसली की वरचं कातडं उगाच दंगा करतं, आणि तो दंगा कॅन्सरसारखा दिसतो. वरवरचा तुकडा घेतला तर फक्त दंगाच दिसणार."

मी पटकन म्हटलं, "म्हणजे कॅन्सर नाही?"

"थांबा," म्हणाल्या. "खर्रा खाणाऱ्याच्या जिभेत दोन्हीही असू शकतं. तळ पाहिल्याशिवाय मी नाव देणार नाही."

खरं सांगते, तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना टोपल्याची गोष्ट माहीत नव्हती.

वडी माझ्या हातात आली. तुकडा मसुरीएवढा, आणि मेणात आडवा पडलेला. तो आडवा असल्यानं पातं वरचं कातडंच तिरपं कापत होतं, तळापर्यंत पोहोचतच नव्हतं. आधीच्या लॅबला मी दोष देत नाही. एवढासा तुकडा कोणाच्याही हातून आडवा पडतो, आणि जेवढं दिसलं तेवढंच त्यांनी लिहिलं. मॅडमनी सांगितलं, मेण वितळवा, तुकडा उभा करा, वरचं कातडं वर आणि तळ खाली दिसला पाहिजे, आणि कापताना जपा. कारण जपलं नाही तर तुकडाच संपणार होता. मग आम्ही काय पाहणार आणि त्यांना काय सांगणार?

मी आयुष्यात हजारो चकत्या काढल्या असतील. त्या दिवशी पहिली चकती उचलताना मनात आईच्या वांग्याच्या टोपल्याचं चित्र का आलं ते मला ठाऊक आहे. चकत्या निघाल्या. एकही फाटली नाही. काचेवर कातडं वर, मुळ्या मध्ये, आणि खाली ओळीनं दाणेदार पेशी, आता भरपूर.

मॅडमनी अमरावतीच्या सर्जनना फोन लावला. स्पीकरवर. मी समोरच होते.

"मॅडम, माझं ऑपरेशन ठरलंय," सर्जन म्हणाले. "खर्रा खाणारा माणूस, जिभेवर घट्ट गाठ, एक रिपोर्ट हातात आहे. आणि तुम्ही म्हणता थांबा?"

"हो, थांबा. मला गाठीचा खोल तुकडा हवा. आणि एक खास रंगाची तपासणी मोठ्या शहरातून करून आणते. माझं चुकलं असेल तर मी स्वतः येऊन तुमच्यासमोर मान्य करीन."

"आणि तोवर पसरला तर?"

मला ते मांडीच्या गाठीचे गृहस्थ आठवले, आणि मॅडमनाही आठवले असणार. मग त्या म्हणाल्या, "थोड्या दिवसांत पसरेल याची शक्यता मी धरली आहे. पण अर्धी जीभ काढल्यावर ती परत लावता येणार नाही, तेही धरलं आहे. डॉक्टर, खर्रा मलाही दिसतो. पण मी गाठीला विचारते आहे, खर्ऱ्याला नाही."

मग ते सर्जन म्हणाले, "पाठवतो खोल तुकडा." हट्ट न धरता ऐकणारा सर्जन, त्यांचंही कौतुक इथं नोंदवते.

वासुभाऊंना थांबायचं कारण मॅडमनी समोर बसवून सांगितलं, त्यांच्या भाषेत. "भाऊ, आशा देऊन नाही राह्यली मी. अजून पक्कं नाही. पण पक्कं झाल्याबिगर कापू देणार नाही."

वासुभाऊ म्हणाले, "तळ पाह्याचा हाय म्हना ना."

मॅडम माझ्याकडे पाहायला लागल्या. मी काचेचं खोकं आवरायला लागले.

खोल तुकडा आला. त्याच्या चकत्या मीच काढल्या, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. तळभर त्याच दाणेदार पेशी, शांत, एकसारख्या, कुठंही दुभंगणं नाही. वरचं कातडं फक्त त्यांच्यावर नाचत होतं. मोठ्या शहरातून खास रंगाचा निकालही तसाच आला. मॅडमनी पुन्हा एकदा सगळ्या काचा ओळीनं पाहिल्या. मग सही केली. सही करताना त्यांचा चष्मा नाकावर घसरला होता आणि त्यांनी तो वर घेतला नाही, एवढं मला स्पष्ट आठवतं.

वासुभाऊ आणि काकू आले. मॅडम म्हणाल्या, "कॅन्सर नाही. साधी गाठ आहे. ती तेवढी काढायची. जीभ राहील."

वासुभाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा नीट केला. मग म्हणाले, "मॅडम, खर्रा खाऊन कॅन्सर नाई? चुकून तं नाई राह्यल्या तुमी?"

"नाही चुकत. आणि एक ऐकून ठेवा. या वेळी नाही. पुढच्या वेळी तो होऊ शकतो. खर्ऱ्याला ही परवानगी नाही, समजलं?"

काकू उठल्या. मला वाटलं मॅडमच्या पाया पडतात की काय. त्यांनी वासुभाऊंच्या खिशात हात घातला, खर्ऱ्याची पुडी काढली आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकली. टोपली आमच्या जुन्या हातमोज्यांची होती.

"तुमची जीभ मॅडमनं वाचवली," काकू म्हणाल्या. "आता ह्या जिभंवर काय ठेवाचं ते मी सांगन."

"याच्यापेक्षा कापली असती तेच बरं होतं, बोल आता," वासुभाऊ माझ्याकडे पाहून म्हणाले, आणि काकू पहिल्यांदा हसल्या. हसता हसता रडल्या. मॅडमनी खुर्ची मागे सरकवून खिडकी उघडली. मोर्णेवरून गरम वारा आला, त्यासोबत रस्त्यावरच्या जिलेबीचा वासही.

ऑपरेशन झालं ते गाठ निघेल एवढंच. जखम भरली, बोलणं काही दिवस बोबडं झालं आणि मग सुटं झालं. दोन हिवाळे गेले, गाठ परत आली नाही. मॅडमनी ती काच आमच्या लॅबच्या कपाटात ठेवली आहे. शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना त्या ती दाखवतात, आणि कागद मागाहून देतात.

निवृत्तीनंतर मी आईला घेऊन अमरावतीला गेले. आई आता थकली, डोळ्यांना कमी दिसतं, पण बाजार तिला चालतो. आम्ही भाजीबाजारात एका कट्ट्यावर बसलो. वासुभाऊ एका टोपल्यात कोपरापर्यंत हात घालत होते. तळातून मूठभर हिरव्या मिरच्या वर काढल्या आणि बोली सुरू केली. आवाज पूर्वीइतका नाही, वयाचा आहे. पण बाजाराच्या टोकाला पोहोचत होता.

"हाच का तो?" आईनं विचारलं.

"हाच."

"अन् तुही मॅडम?"

"ती अकोल्यात आहे. आज काचा पाहत असेल."

आई बराच वेळ ऐकत बसली. मग म्हणाली, "तिच्याबी तोंडात साखर पडो."

वासुभाऊंची अर्धी जीभ काढायची ठरली होती. ती काढली गेली नाही. गाठ निघाली, माणूस वाचला, जीभ शाबूत राहिली. निदान मॅडमचं होतं. ते ज्या काचेवर दिसलं, तिच्यावरची चकती वांगी विकणाऱ्या बाईच्या पोरीनं कापली होती.